दोष न देता जबाबदार धरणे

2021, 2022 आणि 2023 या तिन्ही वर्षांत अमेरिकेत दरवर्षी एक लाखाहून अधिक माणसे अमली पदार्थांच्या अतिसेवनाने मेली. व्हिएतनामच्या सगळ्या युद्धात अमेरिकेचे जेवढे सैनिक कामी आले, त्याच्या जवळपास दुप्पट माणसे एकेका वर्षात गेली. 2024 मध्ये हा आकडा 80,000 च्या आसपास उतरला आणि तज्ज्ञांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण 80,000 मृत्यू ही ज्या देशात दिलासा देणारी बातमी ठरते, त्या देशाचे दुखणे खोलवरचे असणार हे उघड आहे. डॉक्टर, अर्थतज्ज्ञ, न्यायाधीश, धर्मोपदेशक या दुखण्याबद्दल बोलू लागतात तेव्हा चर्चा फेंटानिलच्या तस्करीवरून, औषध कंपन्यांवरून, बंद पडलेल्या कारखान्यांवरून फिरत शेवटी एका फार जुन्या प्रश्नापाशी येऊन थांबते. आपला नाश होतो आहे हे पुरते कळत असूनही जो माणूस पुन्हा सुई हातात घेतो, तो ते कृत्य करतो की ते त्याच्याकडून घडते? मराठी वाचकाला हा प्रश्न परका नाही. गीतेच्या तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी अर्जुन हेच विचारतो: मनात नसतानाही, कोणी बळजबरीने जुंपल्यासारखा, माणूस पापाकडे कसा ओढला जातो?

अमेरिकेने सव्वादोनशे वर्षांत या प्रश्नाची दोन उत्तरे आळीपाळीने दिली आहेत. एक उत्तर सांगते की व्यसन ही माणसाने स्वतः निवडलेली वाट आहे, तेव्हा त्याने तिची फळे भोगावीत. दुसरे सांगते की व्यसन हा मेंदूचा आजार आहे, त्यात माणसाचा काही हात नाही, त्याला औषध द्यावे. दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांशी कडाडून भांडतात. मला वाटते, ही दोन्ही उत्तरे एकाच गृहीतकावर उभी आहेत आणि ते गृहीतकच चुकीचे आहे. माणसाला जबाबदार मानले की त्याला दोष द्यावाच लागतो, आणि दोषातून सोडवायचे तर त्याची जबाबदारीही काढून घ्यावी लागते, असे दोघेही धरून चालतात. जबाबदारी आणि दोष यांची ही गाठ सोडवता येते. ती सोडवलीच पाहिजे, कारण ती घट्ट राहिल्याची किंमत माणसे जिवाने मोजत आहेत.

आधी इतिहास थोडक्यात पाहू. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक, फिलाडेल्फियाचे डॉक्टर बेंजामिन रश यांनी 1784 मध्येच अतिमद्यपानाला रोग म्हटले होते. पण एकोणिसाव्या शतकातल्या मद्यविरोधी चळवळीत चर्चच्या व्यासपीठाचा आवाज मोठा होत गेला आणि 1920 ते 1933 या काळात सगळ्या देशात दारूबंदी आली. अफूच्या बाबतीत 1914 च्या हॅरिसन कायद्यानंतर व्यसनी रुग्णाला नेमाने मात्रा देणाऱ्या डॉक्टरांवरही खटले भरले गेले. 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रॉबिन्सन विरुद्ध कॅलिफोर्निया या खटल्यात लंबक उलट दिशेला ढकलला: व्यसनी असणे ही अवस्था आहे, कृत्य नाही, आणि नुसत्या अवस्थेबद्दल तुरुंगात टाकणे ही क्रूर शिक्षा होय, असे न्यायालय म्हणाले. 1971 मध्ये निक्सन यांनी अमली पदार्थांना देशाचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू ठरवले आणि लंबक पुन्हा मागे आला. 1986 च्या कायद्याने 5 ग्रॅम क्रॅक कोकेन बाळगणाऱ्या विक्रेत्याला तेवढीच सक्तीची किमान शिक्षा ठरवली, जेवढी 500 ग्रॅम कोकेन पावडरीसाठी होती. पदार्थ मुळात एकच. क्रॅकच्या खटल्यांत पकडले गेलेले बहुतांश कृष्णवर्णीय होते. हे प्रमाण 2010 मध्ये शंभरास एकवरून अठरास एकवर आले, पण पूर्ण गेले नाही. मग छोट्या गावांतल्या गोऱ्या कुटुंबांत वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनाने मुले मरू लागली तेव्हा पुढाऱ्यांच्या तोंडी आजार, उपचार, करुणा हे शब्द आले. कोणाला पापी म्हणायचे आणि कोणाला रोगी, हे तत्त्वज्ञानाने ठरवले नव्हते. समोरचा माणूस आपल्यातला वाटतो की परका, यावर ते ठरत गेले. दोन उत्तरांतली निवड इतकी सहज बदलते तेव्हा ती उत्तरेच तपासून पाहायला हवीत.

आजाराच्या उत्तराची बाजू भक्कम आहे आणि ती प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. 1997 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अमली पदार्थ संशोधन संस्थेचे संचालक ॲलन लेशनर यांनी 'सायन्स' नियतकालिकात व्यसन हा मेंदूचा आजार असल्याचे ठामपणे लिहिले, आणि पुढे नोरा व्होल्को यांनी त्याच संस्थेतून ही मांडणी विस्ताराने पुढे नेली. दीर्घकाळ सेवनाने मेंदूतली डोपामिनची यंत्रणा बदलते. साध्या सुखांची चव उडते, तलफ मात्र तीव्र होते. जुना रस्ता, जुना मित्र, नुसती सिरिंज दिसली तरी शरीर पेटून उठते, आणि मोहाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग दुबळा पडतो. जुळ्यांवरचे अभ्यास सांगतात की व्यसनाकडे झुकण्याच्या प्रवृत्तीत साधारण निम्मा वाटा आनुवंशिकतेचा असतो. या मांडणीने व्यवहारात मोठे काम केले. 2008 च्या कायद्याने विमा कंपन्यांना मनोविकार आणि व्यसन यांच्या उपचारांना इतर आजारांच्या बरोबरीने वागवायला लावले. मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही औषधे मिळणाऱ्या रुग्णांतले मृत्यू साधारण निम्म्यावर येतात, हे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. ज्या मुलाला घरादाराने टाकले होते, त्याच्याकडे दवाखान्याने पाहायला सुरुवात केली ती या मांडणीमुळे. ते श्रेय कोणी हिरावून घेऊ नये.

तरीही या उत्तराच्या चौकटीत न बसणारे पुरावे आहेत, आणि तेही अमेरिकेतूनच आलेले आहेत. सगळ्यात प्रसिद्ध पुरावा व्हिएतनामचा. तिथे हेरॉइन स्वस्त, शुद्ध आणि सहज मिळणारे होते. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या ली रॉबिन्स यांनी 1971 मध्ये परतलेल्या सैनिकांचा माग काढला. जवळजवळ निम्म्यांनी अफूजन्य पदार्थ चाखले होते आणि सुमारे 20 टक्के तिथे व्यसनाधीन झाले होते. परतल्यावर पहिल्या वर्षात यांपैकी फक्त 5 टक्क्यांच्या आसपास पुन्हा व्यसनात अडकले, तीन वर्षांत सुमारे 12 टक्के. बहुतेकांनी कसला उपचार घेतला नव्हता. दुसरा पुरावा व्हरमाँट विद्यापीठातला. स्टीफन हिगिन्स यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला कोकेनच्या व्यसनींना लघवीची तपासणी स्वच्छ आली की वस्तू घेण्यासाठी कुपने द्यायला सुरुवात केली, आणि नुसत्या समुपदेशनापेक्षा कितीतरी जास्त लोक कोकेनपासून दूर राहिले. ही पद्धत आता माजी सैनिकांच्या रुग्णालयांत चालते आणि कॅलिफोर्निया राज्याने ती आपल्या आरोग्य योजनेत घेतली आहे. तिसरा पुरावा खुद्द डॉक्टरांचा. व्यसनात सापडलेल्या डॉक्टरांसाठी राज्याराज्यांत कार्यक्रम आहेत: दीर्घ उपचार, पाच वर्षे अचानक तपासण्या, आणि पणाला लागलेला परवाना. त्यांत यशाचे प्रमाण तीन-चतुर्थांशाच्या वर जाते. मोठी राष्ट्रीय सर्वेक्षणेही हेच सांगतात की आयुष्यात कधीतरी व्यसनात सापडलेल्यांपैकी बहुसंख्य पुढे बाहेर पडतात, आणि त्यातल्या अनेकांनी दवाखान्याची पायरी चढलेली नसते. पार्किन्सन झालेल्या माणसाचे थरथरणे कुपन दाखवून थांबत नाही. व्यसनी माणसाचा हात मात्र थांबू शकतो, सामान्य माणसाच्या मानाने कितीतरी कष्टाने, पण थांबू शकतो.

हे पुरावे घाईने वाचले तर जुने उत्तर परत येते: बघा, मनात आणले की जमते. पण पुरावे तसेही सांगत नाहीत. व्हिएतनाममधून परतलेला सैनिक नुसत्या निर्धाराने सुटला नाही. तो घरी आला होता. तिथे आई-वडील, नोकरी, वेगळे मित्र होते, आणि जंगलातल्या भयाचे निमित्त उरले नव्हते. डॉक्टर सुटतो तेव्हा त्याच्यापुढे परत मिळण्याजोगे आयुष्य उभे असते. वेस्ट व्हर्जिनियातला, खाणीतले काम गेलेला, पाठ मोडलेला माणूस तेवढ्याच निर्धाराने कुठे परतणार? प्रिन्स्टनच्या ॲन केस आणि अँगस डीटन यांनी 2015 मध्ये दाखवले की मध्यमवयीन गोऱ्या अमेरिकनांत, विशेषतः पदवी नसलेल्यांत, आत्महत्या, दारू आणि अमली पदार्थ यांमुळे होणारे मृत्यू वाढत चालले होते. काम, विवाह, चर्च आणि कामगार संघटना यांचा आधार सुटत गेला त्याच थरात हे घडत होते. निवड करण्याची शक्ती माणसात असतेच, पण ती पर्यायांवर पोसली जाते. म्हणून एखाद्याकडून किती अपेक्षा ठेवायची हे ठरवताना त्याच्यापुढे काय ठेवले आहे, हेही पाहावे लागते.

हीच गोष्ट एका जुन्या खटल्यात फार जवळून पाहायला मिळते. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात बुटांना पॉलिश करून पोट भरणाऱ्या लिरॉय पॉवेल या माणसाला सार्वजनिक ठिकाणी नशेत आढळल्याबद्दल दंड झाला. पिणे त्याच्या हातात नाही, असा त्याच्या वकिलाचा बचाव होता. 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो 5 विरुद्ध 4 मतांनी हरला. निकालपत्रात त्याच्या जबानीचा एक तुकडा आहे. सुनावणीच्या दिवशी सकाळी त्याने एकच पेला घेतला होता आणि तिथे थांबला होता. आणखी प्यायलास तर झिंगशील हे ठाऊक होते ना, असे सरकारी वकिलाने विचारल्यावर तो म्हणाला की आज खटल्याला हजर राहायचे होते म्हणून एकच घेतला. मग त्याच्या स्वतःच्या वकिलाने विचारले, एकच घेतलास कारण खिशात तेवढेच पैसे होते ना? त्यावर त्याचे उत्तर असे की तोही कोणीतरी दिलेला होता. या चार वाक्यांत दोन्ही बाजूंच्या वकिलांना हवे ते सापडले असेल. पण नीट वाचले तर दोघांचेही पुरते खरे नाही. कोर्टात जायचे आहे ही गोष्ट त्याला त्या सकाळी आवरून धरू शकली. एरवीच्या सकाळी त्याला आवरून धरील असे काहीच त्याच्या आयुष्यात नव्हते. दंड करून न्यायालयाने त्यात काहीच भर घातली नाही. त्याला पूर्ण असहाय ठरवले असते तर त्या सकाळी तो थांबला होता, ही त्याच्याजवळची एकमेव मोलाची गोष्टही नाकारली गेली असती.

1962 सालीच, रॉबिन्सन खटल्याच्या वर्षी, ब्रिटिश तत्त्वज्ञ पीटर स्ट्रॉसन यांनी एका निबंधात माणसांकडे पाहण्याच्या दोन दृष्टी वेगळ्या केल्या होत्या. एका दृष्टीने आपण दुसऱ्याशी संबंध ठेवतो: त्याच्यावर रागावतो, त्याचे आभार मानतो, त्याच्याकडून काही अपेक्षितो. दुसऱ्या दृष्टीने आपण त्याला हाताळतो: तो उपचाराचा, बंदोबस्ताचा, व्यवस्थेचा विषय होतो. शिक्षा करणारा पहिल्या दृष्टीतला फक्त राग उचलतो. केवळ आजार पाहणारा दुसऱ्या दृष्टीत जातो आणि समोरच्याशी बोलणेच संपवतो. हॅना पिकर्ड या तत्त्वज्ञ बाईंनी इंग्लंडमधल्या उपचारगटांत काम करताना, आणि नंतर अमेरिकेत शिकवताना, यांच्यामधली वाट मांडली: तुझ्या वागण्यावर तुझा थोडा ताबा आहे म्हणून तुझ्याकडून बदलाची अपेक्षा धरतो, पण त्या अपेक्षेबरोबर तिरस्कार, हिणवणे आणि सूड येऊ देत नाही. हे शक्य आहे याची साक्ष प्रत्येक चांगला शिक्षक आणि प्रत्येक समंजस आई देते. मुलाने खोटे बोलल्यावर आई त्याच्याकडून कबुली आणि भरपाई मागते, आणि तेवढ्याने त्याला जेवायला वाढायचे थांबत नाही. जबाबदारी पुढे पाहते: आता काय करणार? दोष मागे पाहतो आणि तिथेच मुक्काम ठोकतो.

अमेरिकेतल्या एका धार्मिक वळणाच्या चळवळीने हे तत्त्वज्ञांच्या आधी आचरणात आणले होते. 1935 मध्ये ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी न्यूयॉर्कचा शेअर दलाल बिल विल्सन आणि शल्यविशारद बॉब स्मिथ भेटले आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची सुरुवात झाली. तिच्या बारा पायऱ्या आता मुंबई-पुण्यातल्या मराठी सभांतही परिचित आहेत. पहिली पायरी दारूपुढे आपण हतबल असल्याचे मान्य करायला सांगते. एवढ्यावर थांबली असती तर ती आजाराची मांडणी झाली असती. पण चौथी पायरी स्वतःच्या वागण्याचा निर्भय हिशेब मांडायला लावते, आठवी ज्यांना दुखावले त्यांची यादी करायला लावते, नववी शक्य तिथे प्रत्यक्ष भरपाई करायला लावते. हतबलतेची कबुली आणि भरपाईची जबाबदारी एकाच माणसाच्या तोंडी, एकाच खोलीत येतात, आणि समोर बसलेले सगळे त्याच वाटेने आलेले असल्याने दोष द्यायला तिथे कोणी उरत नाही. टीकाकार म्हणतात की ही पद्धत सगळ्यांना मानवत नाही, आणि तिच्या नावाखाली अनेक ठिकाणी औषधोपचाराला विरोध झाला आहे. दोन्ही आक्षेप खरे आहेत. मात्र तिचा गाभा टिकला आहे, आणि 2020 च्या एका मोठ्या कॉक्रेन आढाव्यात मद्यमुक्ती टिकवण्याच्या बाबतीत ती इतर उपचारपद्धतींच्या तोडीची किंवा सरस ठरली.

अर्जुनाच्या प्रश्नाला मिळालेले उत्तरही याच जातीचे आहे. कृष्ण त्याला पापी म्हणून झिडकारत नाही. तो काम आणि क्रोध या वैऱ्यांकडे बोट दाखवतो. इंद्रिये, मन आणि बुद्धी ही त्यांची ठाणी असल्याचे आणि त्यांच्यामुळे ज्ञान झाकले जात असल्याचे सांगतो. म्हणजे बळजबरी खरी असल्याचे मान्य करतो. ज्ञानेश्वरांनीही इथे थांबून या वैऱ्यांचे बळ विस्ताराने वर्णिले आहे. आणि मग, ज्याची बुद्धीही वेढली गेली आहे त्याच अर्जुनाला, आधी इंद्रिये आवर आणि या वैऱ्याला मार, असे सांगितले जाते. तर्काच्या दृष्टीने कोणी इथे विसंगती काढील: बुद्धीच ताब्यात नसेल तर आज्ञा कोणाला? पण ओढ खरी आहे आणि ओढला जाणारा अजून संपलेला नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या धरल्याशिवाय साहाय्याला अर्थ राहत नाही. आणि आज्ञा देणारा इथे दूर उभा नाही. तो अर्जुनाचा सारथी आहे, त्याच्याच रथावर आहे. ज्याच्याकडून अपेक्षा ठेवायची त्याच्या रथावर आपणही असले पाहिजे, असा नियम अमेरिकेच्या धोरणकर्त्यांनी पाळला असता तर पुढचे पुष्कळ टळले असते.

या मांडणीवर पहिला आक्षेप येतो तो डॉक्टरांकडून. जबाबदारीची भाषा परत आणलीत की कलंकही परत येईल आणि विम्याचे पैसे बंद होतील. भीती रास्त आहे. पण उपाय हा नव्हे की उपचार मिळवण्यासाठी माणसाने आधी निर्दोषत्व सिद्ध करावे. हृदयविकाराच्या कितीतरी रुग्णांनी वर्षानुवर्षे सिगारेट ओढलेली असते. त्यांची अँजिओप्लास्टी करताना कोणी पात्रता विचारत नाही, आणि नंतर सिगारेट सोडा असे सांगायलाही कोणी कचरत नाही. शिवाय मनोविकारांवरच्या अभ्यासांतून असेही दिसले आहे की विकार मेंदूतला म्हणून समजावला की लोक दोष कमी देतात, पण रुग्ण सुधारेल ही त्यांची आशाही कमी होते. तू बिघडलेला मेंदू आहेस, असे ऐकणाऱ्याला दया मिळते, पण पुढे जाण्याची वाट दिसत नाही.

दुसरा आक्षेप न्यायाचा आहे, आणि माझ्या मते तो सगळ्यात वजनदार आहे. व्यसनी माणसाला जबाबदार धरलेत की औषध कंपन्या सुटतात. पर्ड्यू फार्माने 1996 मध्ये ऑक्सिकॉन्टिन बाजारात आणले, दीर्घकाळ परिणाम करणारी गोळी म्हणून तिच्यात व्यसनाचा धोका कमी असल्याचे डॉक्टरांना पटवले, आणि 2007 मध्ये दिशाभूल करणाऱ्या प्रचाराचा गुन्हा न्यायालयात कबूल केला. 2020 मध्ये पुन्हा गुन्हे कबूल केले. कंपनीच्या मालक घराण्यातले रिचर्ड सॅकलर यांनी 2001 च्या एका ईमेलमध्ये सगळे खापर गोळ्यांचा गैरवापर करणाऱ्यांवर फोडावे असे सुचवले होते; हा ईमेल पुढे मॅसॅच्युसेट्सच्या खटल्यात उघड झाला. वैयक्तिक जबाबदारीची भाषा बलवानांच्या हाती कशी पडते याचा याहून स्पष्ट दाखला नको. पण त्यातून निष्कर्ष काय निघतो? जबाबदारी ही ठरावीक मापाची वस्तू नाही, की एकाच्या वाट्याला जास्त गेली म्हणून दुसऱ्याची कमी व्हावी. ज्याच्याकडे माहिती, पैसा आणि पर्याय अधिक, त्याची जबाबदारी अधिक, हा निकष व्यसनी माणसाला लावला तसाच कंपनीला लावला पाहिजे, आणि तो लावल्यावर कंपनीला लपायला जागा उरत नाही. तिच्या बाबतीत दोषही योग्यच आहे, कारण तिच्यावर कसलीही तलफ स्वार नव्हती. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, पीडितांची संमती नसताना दिवाळखोरीच्या कायद्याआडून सॅकलर कुटुंबाला पुढच्या दाव्यांपासून मुक्ती देता येणार नाही, असा निर्णय 5 विरुद्ध 4 मतांनी दिला. ज्यांचे नुकसान झाले त्यांच्या वतीने परस्पर माफी देता येत नाही, हे नीतीचे तत्त्वही त्यात आहे.

तिसरा आक्षेप ओरेगॉनकडे बोट दाखवतो. 2020 च्या निवडणुकीत तिथल्या मतदारांनी स्वतःपुरते अमली पदार्थ बाळगणे गुन्ह्यातून वगळले. पोलिसाने 100 डॉलरचे चलन द्यायचे आणि संबंधिताने मदतवाहिनीवर फोन केला की ते माफ व्हायचे. फोन करणारे फारच थोडे निघाले, रस्त्यावरचे सेवन उघड दिसू लागले, आणि 2024 मध्ये विधिमंडळाने ते पुन्हा गुन्ह्यात घातले. शिक्षा काढली की असेच होते, असे आता म्हटले जाते. पण नेमक्या त्याच काळात फेंटानिल पश्चिम किनाऱ्यावर पोहोचले होते, आणि उपचार केंद्रांसाठी ठेवलेला पैसा बराच काळ वाटलाच गेला नव्हता. मृत्यूंवर कायद्याचा परिणाम किती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. माझ्या दृष्टीने ओरेगॉनने दोष काढला हे योग्यच केले. चूक ही की त्याच्या जागी काहीच ठेवले नाही: समोर बसून बोलणारे माणूस नाही, दुसऱ्या दिवशी मिळणारी खाट नाही, पुन्हा येशील का, असे विचारणारे कोणी नाही. ज्या पोर्तुगालचा कित्ता गिरवायचा होता, तिथे 2001 पासून पकडलेल्या माणसाला एका छोट्या समितीपुढे यावे लागते आणि तिथे त्याच्याशी बोलणे होते. फोनचा नंबर छापलेले चलन त्याची जागा घेऊ शकत नाही.

दोष आणि जबाबदारी वेगळी केली तर रोजच्या व्यवहारात काय बदलते, हे मेथाडोनच्या रांगेत दिसते. अमेरिकेत व्यसनावरचे मेथाडोन औषधाच्या दुकानात मिळत नाही. ठरवून दिलेल्या केंद्रातच मिळते. अनेक वर्षे नियम असा होता की रुग्णाने सुरुवातीचे महिने जवळजवळ रोज पहाटे केंद्रावर यायचे, खिडकीपाशी नर्सच्या देखत औषधाचा घोट घ्यायचा, गिळल्याचे दिसावे म्हणून चार शब्द बोलायचे, आणि मग कामावर पळायचे. दूरच्या गावातल्या, लहान मूल असलेल्या, पाळीची नोकरी करणाऱ्या माणसाला हे जमत नसे. एक दिवस चुकला की अंग मोडून येणे, घाम, उलट्या, ज्याला आपल्याकडच्या व्यसनमुक्ती केंद्रांत टर्की म्हणतात ते सुरू, आणि पुढची पायरी पुन्हा हेरॉइनची. नियमाच्या मुळाशी अविश्वास होता: हा माणूस औषध विकेल, जास्त पिईल. 2020 मध्ये महासाथीमुळे सरकारला स्थिर रुग्णांना 28 दिवसांपर्यंतचे औषध घरी द्यायला परवानगी द्यावी लागली. अनर्थाची जी लाट येणार म्हणून भीती होती, ती आली नाही, आणि 2024 मध्ये ही मोकळीक कायमची झाली. बाटली घरी नेणाऱ्या माणसावर जबाबदारी आधीपेक्षा वाढली होती, संशय मात्र कमी झाला होता. तुरुंगांचीही हीच कथा आहे. वॉशिंग्टन राज्यातल्या, 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत कैद्यांचा अतिसेवनाने मरण्याचा धोका इतर नागरिकांच्या 129 पट आढळला. शिक्षा भोगताना शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, तलफ तशीच असते, आणि दाराबाहेर जुनाच विक्रेता उभा असतो. ऱ्होड आयलंडने 2016 पासून तुरुंगातच औषधोपचार सुरू केले आणि सुटकेनंतरचे असे मृत्यू लवकरच 61 टक्क्यांनी घटले.

शेवटचा आक्षेप विवेकी श्रद्धाळू माणसाचा आहे. दोषच नसेल तर पश्चात्ताप कशाचा? नाकात फवारण्याचे नॅलोक्सोन 2023 पासून अमेरिकेत चिठ्ठीशिवाय मिळते आणि श्वास थांबलेल्या माणसाला काही मिनिटांत परत आणते. पुन्हा पुन्हा असे वाचवत राहिल्याने तो सुधारण्याची गरजच मानणार नाही, असे हा आक्षेप म्हणतो. त्याला माझे पहिले उत्तर सरळ आहे: मेलेल्या माणसाला पश्चात्ताप करता येत नाही. दुसरे असे की पश्चात्तापाला आतून उमटावे लागते, आणि बाहेरून लादलेला दोष त्याला बहुधा अडवतो. लाजेने मान खाली घातलेला माणूस स्वतःच्या कृत्याकडे पाहत नाही. तो पाहणाऱ्यांच्या नजरेपासून पळतो, आणि पळायची जागा त्याला सिरिंजमध्ये सापडते. आपण केलेले नुकसान डोळे उघडे ठेवून पाहायचे तर आपल्याला टाकून दिलेले नाही, एवढा भरवसा आधी लागतो. म्हणून क्रम असा आहे: आधी श्वास, मग औषध आणि आधार, मग परतण्याजोगे आयुष्य, आणि या सगळ्यांबरोबर पहिल्या दिवसापासून एक स्पष्ट अपेक्षा की तू यात सहभागी आहेस. अपेक्षा न ठेवणे हे माणसाला कमी लेखणे आहे. अपेक्षा ठेवून साधने न देणे हा अन्याय आहे. अमेरिकेने दोन शतके या दोन चुकांत आलटून-पालटून मुक्काम केला. व्यसनाबद्दल बोलणाऱ्या कुठल्याही समाजाला, आपल्यालाही, एवढे शिकता येईल की माणसाकडून जितके मागायचे तितके त्याच्या हाती देण्याची जबाबदारी मागणाऱ्यावर येते, आणि ती पार पाडल्यावर मागण्याचा अधिकार आपोआप मिळतो.